ताईच्या अंगणातलं पाणी

माझ्या थोरल्या बहिणीला कुणी हात धरलेला खपत नाही. काचबिंदूने तिची नजर बारीक होत होत गेली आणि आता नुसता उजेड उरला आहे. खिडकी कुठे आहे ते तिला कळतं, खिडकीत कोण उभं आहे ते कळत नाही. तरीही रस्ता ओलांडताना मी तिचं मनगट धरलं की ती ते असं झटकते, की बघणाऱ्याला वाटावं मी तिची बांगडी काढून घेतोय. एकदा भर बाजारात, केळीवाल्यासमोर ती मला म्हणाली, "अरे, माझे डोळे गेलेत. पाय आहेत अजून." केळीवाला हसला. मी मनातल्या मनात चरफडत, पण हात न धरता, तिच्या बाजूने चालत राहिलो.

ती कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही, कुणाकडे राहिली नाही, स्वतःची गॅसची टाकी स्वतः बदलायची. नजर जायला लागल्यावर मी आणि माझ्या बायकोने तिला डोंबिवलीला आमच्याकडे आणलं. म्हणजे आम्ही 'आणलं' म्हणतो. ती 'मी आले' म्हणते. आमचं घर मानपाड्याच्या बाजूला, बैठं, अवतीभवती थोडी मोकळी जागा असलेलं. प्लॉट घेतला तेव्हा इथे सगळी भातशेती होती आणि नातेवाईक आम्हाला वेड्यात काढत होते. आता चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि तेच नातेवाईक घरी आले की अंगणाकडे बघून उसासे टाकतात.

ताई आली ती या अंगणासाठीच. तिने अट घातली होती: रोज सकाळ-संध्याकाळ तिला एकटीला चालायला जागा हवी. रक्तात साखर आहे, त्यामुळे चालणं सोडू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण खरं कारण साखर नव्हतं. दिवसभरात निदान थोडा वेळ कुणाच्याही आधाराशिवाय हिंडता यावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिने मला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं. "नाहीतर मी तुमच्या घरातलं एक सामान होऊन जाईन," ती म्हणाली. मला ते वाक्य फार लागलं.

घराच्या डाव्या अंगाने मागच्या कुंपणापर्यंत जाणारी एक लांब पट्टी होती. ती तिची वाट ठरली. अडचण होती ती मातीची. आमच्याकडची माती चिकण. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पायाचा अंगठा आत जाईल एवढ्या. पावसाळ्यात तीच माती चपलेला अशी चिकटते की चप्पल जागेवर राहते आणि पाय पुढे जातो. समोरच्या घरवाल्यांनी त्यांच्या दारात पेव्हर ब्लॉक बसवले होते. दोन पावसाळ्यांत निम्मे खचले, निम्मे वर आले, आणि डोळस माणसंही तिथे ठेचकाळायला लागली. फरशी नको, कारण फरशीवर शेवाळ धरतं. मग करायचं काय, यावर आम्ही तिघं रोज संध्याकाळी चहा घेत वाद घालायचो.

शेवटी ताईच म्हणाली, "खळं करू या."

आम्ही मूळचे कोकणातले. आमच्या गावी पावसाळा संपला की घरापुढचं अंगण खणून, माती भिजवून, सारखी करून, लाकडी चोपण्याने बडवून काढतात. चोपणं म्हणजे दांडा असलेली जाड फळी. घरातली सगळी माणसं ओळीने उकिडवी बसतात आणि धपाधप चोपत मागे सरकतात. मग शेणाने सारवायचं. असं खळं इतकं गुळगुळीत आणि घट्ट होतं की त्यावर सांडलेले तांदूळ वेचून घेता येतात. लहानपणी ताईचा चोपण्यात हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं. मी धरसोड करायचो आणि तिच्या शिव्या खायचो.

सूचना ऐकून माझ्या अंगात आलं. मी कारखान्यात मेंटेनन्समध्ये आयुष्य घालवलेला माणूस, हातात काम आलं की मला जेवण सुचत नाही. सुताराकडून तीन चोपणी करून घेतली. मे महिन्यात आम्ही ती पट्टी खणली, ढेकळं फोडली, पाणी मारलं आणि चोपायला बसलो. शेजारच्या टॉवरच्या गॅलऱ्यांमधून लोक बघत होते. ताई पदर खोचून बसली होती आणि तिचं चोपणं अजूनही एका लयीत पडत होतं. मधेच थांबून ती तळहात जमिनीवरून फिरवायची आणि म्हणायची, "इथे उंच राहिलंय. पुन्हा मार." माझी बायको खडवलीची, शेतकऱ्याच्या घरातली. ती म्हणाली, "अहो, हे मे महिन्यात करतात का? आमच्याकडे तर दिवाळीनंतर करतात." मी म्हणालो, "तुझ्या गावचं तुझ्यापाशी ठेव." आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मी अगदी ठामपणे म्हणालो होतो.

खळं सुंदर झालं. ताई त्यावर अनवाणी चालायची आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की मी मुद्दाम खिडकीशी बसून पेपर वाचायचो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला विटांची कड. ती न अडखळता मागच्या कुंपणापर्यंत जायची, कुंपणाला बोट लावायची आणि परत यायची. त्या दिवसांत ती जेवायलाही चवीने बसायची आणि आमटीत मीठ कमी आहे असं पूर्वीसारखं तोंडावर सांगायची.

पाऊस सुरू झाला आणि ते खळं पाण्याने भरलं. भरलं ते भरलंच. पाऊस उघडला, ऊन पडलं, समोरच्या गल्लीतला रस्ता सुकला, पण आमच्या अंगणातलं पाणी जागचं हललं नाही. आम्ही चोपून चोपून त्या पट्टीची परात करून ठेवली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पंप आणला. पंपाने पाणी ओढलं की खालचा चिखल उघडा पडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परात भरलेली. बायको म्हणाली, "कमळं लावू या का? निदान देवाला तरी होतील." मी तिच्याशी दिवसभर बोललो नाही.

ऑगस्टमध्ये चार दिवस उघडीप मिळाली. ताईला वाटलं, आता सुकलं असेल. आम्ही दोघं आत असताना ती मागच्या दाराने बाहेर पडली. वरची साय सुकली होती, खाली सगळं निसरडं होतं. आम्हाला फक्त आवाज आला. हाड मोडलं नाही, पण मनगट सुजलं आणि कमरेला जबर मुका मार बसला. तिला उचलताना ती एवढंच म्हणाली, "साडी खराब झाली रे."

त्यानंतर जे झालं ते मला पडण्यापेक्षा जास्त लागलं. ती बरी झाली, पण बाहेर जाणं बंद झालं. खुर्चीत बसून रेडिओ ऐकायची. आणि एका सकाळी न्हाणीघराकडे जायला उठताना तिने आपणहून हात पुढे केला आणि म्हणाली, "धर." मी हात धरला. आयुष्यभर जिने माझा हात झटकला, ती आता शहाण्या मुलासारखी माझ्याबरोबर चालत होती. तिला न्हाणीघरात सोडून मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोसमोर ढसाढसा रडलो. हात धरायला मिळाला म्हणून कुणी इतकं रडलं नसेल.

दिवाळीत आमची मुलगी आम्हाला तिच्या घरी घेऊन गेली. ती घोडबंदर रोडला एका मोठ्या संकुलात राहते. तिथे पार्किंगच्या वर पोडियम म्हणून बाग केली आहे आणि त्या बागेत प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलंय. मला ते गवत बघून चीड आली. गवतसुद्धा खोटं! मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही नाकं मुरडू नका. आत्याला चप्पल काढून चालून बघू दे." ताई माझा दंड धरून त्याच्यावर उभी राहिली. पायाची बोटं हलवली. मग हळूहळू पुढे सरकली. गवत संपून सिमेंट लागलं तिथे ती आपणहून थांबली.

"इथे संपलं ना?" तिने विचारलं.

"हो."

"पायाला कळतंय." मग तिने पाय पुन्हा गवतावर घेतला, कडेकडेने चालायला लागली आणि चालता चालता माझा दंड सुटला. सुटल्याचं बहुधा तिच्या लक्षातही आलं नाही. मुलगी मला कोपराने ढोसत होती.

डोंबिवलीला परतल्यावर मी गवतवाल्याला बोलावलं. तरुण पोरगा होता, दोन मोबाइल आणि भरपूर आत्मविश्वास. त्याने अंगण बघितलं, टेप लावली आणि म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. डायरेक्ट टाकून देतो, एका दिवसात काम फिनिश. मस्त दिसेल एकदम."

"आणि पाणी?" मी विचारलं.

"गवताला होल असतात ना खालून. पाणी जातं खाली."

माझी बायको दारात उभी होती. तिने विचारलं, "खाली कुठे?"

"खाली म्हणजे... जमिनीत, काकी."

त्या दुपारी बायकोने खुरप्याने पट्टीच्या मधोमध वीतभर खड्डा केला आणि त्यात बादलीभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाताला धरून तिथे नेलं. खड्डा काठोकाठ भरलेला होता आणि त्यात एक कावळा आंघोळ करत होता. "विचारा तुमच्या गवतवाल्याला, खाली कुठे," ती म्हणाली. मी त्या पोराला फोन करून काम थांबवलं आणि वर रागही त्याच्यावरच काढला, जणू त्यानेच अंगण चोपलं होतं.

आमच्या मागच्या कुंपणापलीकडे एक आगरी मावशी राहतात. आमचा प्लॉट त्यांच्याच सासऱ्यांकडून घेतलेला. आज त्यांच्या दोन इमारती आहेत, दारात मोठी गाडी आहे आणि गळ्यात माझ्या बायकोच्या सगळ्या दागिन्यांपेक्षा जास्त सोनं आहे. पण सकाळी स्वतः कोंबड्यांना दाणे टाकतात आणि कुंपणावरून सगळ्या गल्लीची चौकशी करतात. खड्ड्याकडे मान वाकडी करून बघत त्यांनी विचारलं, "यो कं करताव?" मी सगळी कर्मकथा सांगितली: खळं, चोपणी, पंप, पडणं. त्या ऐकत गेल्या आणि हळूहळू त्यांचं पोट हलायला लागलं.

"अरे देवा! यो आमचा खाचर व्हता. माझा सासरा वरसानुवरसं बैल घालून चिखलनी करायचा इथं. पानी खाली जाऊ नये म्हनून. पानी खाली गेला तं भात कसा व्हयाचा? आमी जलम घालवला पानी थांबवाला, आन तुमी वरतून अजून चोपलाव!"

आतून आवाज आला. ताई हसत होती. पडल्यापासून ती एवढं हसली नव्हती. ती भिंतीला धरत धरत मागच्या दारापर्यंत आली आणि म्हणाली, "अरे, आपलं गाव डोंगरउतारावर, खाली जांभा. तिथे कितीही चोपलं तरी पाणी जातं निघून. आणि तेही खळं पावसापुरतं मोडतातच. मला हे सुचायला हवं होतं. बैलांचं काम आपण पूर्ण केलं." मावशी कुंपणापलीकडून आणि ताई दारातून अशा दोघी हसत राहिल्या. मग मलाही हसावं लागलं.

त्या दिवसापासून गवताचा विषय बाजूला पडला आणि पाण्याचा सुरू झाला. चिखलणीने वर्षानुवर्षं दाबत गेलेला थर फोडायचा आणि आलेल्या पाण्याला बाहेरची वाट करून द्यायची, हे नक्की झालं. बाहेरची म्हणजे गल्लीतलं गटार, असं मी धरून चाललो होतो. गवंड्याची पाणी भरलेली प्लास्टिकची नळी घेऊन मी पातळी तपासली. गटार आमच्या अंगणापेक्षा चांगलं हातभर वर निघालं! इतक्या वर्षांत गल्लीतला रस्ता दरवेळी आधीच्या रस्त्यावरच चढवला गेला आणि आमचं अंगण राहिलं खाली. मी गल्लीच्या मधोमध उभा राहून रस्ता करणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग घरात येऊन म्हणालो, "टाकी बांधतो आणि पंप बसवतो."

बायको पोळी लाटत होती. "पुन्हा पंपाचं नाव काढलंत तर मी खडवलीला निघून जाईन."

"मग काय करू?"

"तुम्ही सारखे पुढच्या दाराकडेच का बघताय?" ती म्हणाली. "शेतात पाणी भरलं की बांध फोडून खालच्या शेतात सोडतात. हे शेत होतं ना? मग याच्या खालचं शेत कुठलं, ते विचारा."

मी नळी घेऊन मागे गेलो. कुंपणाच्या त्या टोकाला जमीन खरोखरच खाली होती. पलीकडे मावशींची एक अरुंद पट्टी, त्यात शेवग्याचं झाड, आणि तिच्या पलीकडे नाला. त्यांच्या जागेतून पाइप न्यायचा म्हणजे त्यांची परवानगी हवी. मी भीत भीतच विचारायला गेलो. जागेवरून या भागात सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि मी तर परका. मावशींनी ऐकून घेतलं. "पानी आधीपासून हिथनंच जायाचा," त्या म्हणाल्या. "कुंपन तुमी घातलाव, पान्यानं नाय. जाव दे. पन माझ्या शेवग्याच्या मुळाला हात लावाचा नाय." मी त्यांच्या पाया पडलो. त्यांना ते फारच आवडलं आणि संपूर्ण गल्लीला समजलं.

थंडीत माती कोरडी असताना काम काढलं. गल्लीत मशीन मावत नव्हतं, म्हणून सगळं पहारीने आणि टिकावाने झालं. आम्ही केलेलं खळं फोडायलाच दोन गडी घामाघूम झाले. त्याच्या खाली तो थर लागला: काळपट, चकचकीत, साबणाच्या वडीसारखा सलग कापला जाणारा. ताईने एक तुकडा हातात मागितला. तिने तो चेपून बघितला, वास घेतला आणि म्हणाली, "यात झालेला भात आपण खाल्लाही असेल. उगीच शिव्या देऊ नकोस याला." मी देत होतो, हे खरं होतं.

तो थर फोडून काढला. संपूर्ण पट्टीला घरापासून मागच्या कुंपणाकडे उतार दिला. मधून एक चर खणला, त्यात खडी, खडीत भोकं पाडलेला पाइप. माती आत शिरून भोकं बुजू नयेत म्हणून सगळ्याला फेल्टसारखं जाड कापड गुंडाळलं. पाइप शेवग्याला वळसा घालून नाल्याच्या काठावर काढला, नाल्याच्या पातळीपेक्षा पुरेसा वर. मग वर जाड खडी, तिच्यावर बारीक, आणि शेवटी दगडाचा चुरा, म्हणजे कच. ती दाबून घेताना मी इतका घाबरत होतो की रोलर फिरवणारा गडी म्हणाला, "काका, खडी आहे. कितीबी दाबा, पाणी जातं." तरी मी प्रत्येक टप्प्यावर बादल्या ओतून बघत होतो. बायकोने बादल्या लपवून ठेवायला सुरुवात केली.

कच पसरल्यावर ताईला उतार दाखवायला नेलं. माझा दंड धरून ती चालली आणि निम्म्यावर थांबली. "इथे खळगा आहे." मी नळी लावून बघितलं; होता. किंचित, पण होता. तो भरला. मग ती म्हणाली, "आता बरोबर." त्या आवाजात मला तिचा वर्ग ऐकू आला.

आमचं भांडण झालं ते कठड्यावरून. मी दोन्ही बाजूंना स्टीलचा कठडा लावायचं ठरवून माणूसही बोलावला होता. ती पडली होती आणि तिला पुन्हा उचलायची माझ्यात ताकद नव्हती. अंगात होती, मनात नव्हती. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "कठडा लावलास तर मी तो धरणार. धरला की सोडणार नाही. मग हे सगळं कशाला केलंस?" मी आरडाओरडा केला, जेवणावरून उठलो, आणि कठडेवाल्याला परत पाठवला.

गवतवाला पोरगा पुन्हा आला. या वेळी त्याने खाली काय केलंय ते वाकून बघितलं, फोटो काढले आणि मला म्हणाला, "काका, मीपण आता लोकांना असंच सांगणार. तुमचं नाव नाय सांगणार." त्याने गवत अंथरलं, कडा खिळ्यांनी पक्क्या केल्या, जोड चिकटवले, ब्रशने पाती उभी केली. होळीच्या आधी काम झालं. अंगणाला तो हिरवा रंग अजिबात शोभत नव्हता. मी तसं म्हणालो तर ताई म्हणाली, "मला कुठे दिसतोय."

उन्हाळाभर ती त्यावर चालली, सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी ते गवत तव्यासारखं तापायचं. पण चालण्यात पूर्वीचा सैलपणा नव्हता. एक हात सारखा भिंतीवर असायचा. प्रत्येक पाऊल टाकताना ती आधी जमीन चाचपायची. "छान जमतंय की," मी एकदा म्हणालो. "आत्ता काय, आत्ता सगळे पास," ती म्हणाली. "परीक्षा जूनमध्ये."

जून आला आणि तिने बाहेर जाणं सोडलं. मी रोज सांगायचो, अगं, पाणी साचत नाहीये, मी बघून आलोय. ती मान डोलवायची आणि न्हाणीघराकडे जायला हात पुढे करायची. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. तिचा जमिनीवरचा विश्वास उडाला होता. आपण इतकं करूनही हिच्या मनातलं अंगण अजून तेच, पाण्याने भरलेलं, हे मला कळत होतं आणि त्यावर माझ्याकडे कुठलाही पाइप नव्हता.

जुलैत एकदा संध्याकाळपासून जो पाऊस लागला तो पहाटेपर्यंत थांबला नाही. सकाळी गल्लीत घोट्यापर्यंत पाणी होतं. मी छत्री घेऊन मागच्या दाराने बाहेर पडलो. गवत भिजलेलं होतं, दाबलं की पावलाखाली थोडंसं पाणी वर यायचं आणि पाय उचलला की नाहीसं व्हायचं. डबकं कुठेच नव्हतं. मी कुंपणापर्यंत गेलो. पलीकडे शेवग्याखाली मावशी डोक्यावर प्लास्टिक घेऊन उभ्या होत्या आणि पाइपाच्या तोंडाकडे बघत होत्या. पाइपातून मनगटाएवढी धार नाल्यात पडत होती. "बग, सासरा वर रागावला असंल माझा," त्या म्हणाल्या आणि खूश होऊन हसल्या.

मी घरात आलो. ताई खुर्चीत बसली होती. मी तिला काही सांगितलं नाही. खिडकी सताड उघडली. पाऊस आता अगदी बारीक झाला होता आणि मागून त्या धारेचा आवाज स्पष्ट येत होता.

"हे काय वाजतंय?" तिने विचारलं.

"तुझ्या अंगणातलं पाणी. बाहेर पडतंय."

ती ऐकत राहिली. खूप वेळ. मग उठली, माझ्याकडे हात न करता, भिंतीला धरून मागच्या दाराशी गेली. चप्पल काढली. उजवा पाय गवतावर ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. मग दुसरा. बायको स्वयंपाकघरातून पिठाचे हात तसेच घेऊन आली आणि तिने माझा सदरा मागून पकडून ठेवला. ताई चालायला लागली. आधी भिंतीला हात होता. खळगा भरला होता त्या जागेच्या पुढे गेल्यावर तिने हात भिंतीवरून काढला आणि अंगाशी घेतला.

मला राहवलं नाही. बायकोच्या हातून सदरा सोडवून मी बाहेर पडलो आणि तिच्या मागून, दोन पावलं अंतर ठेवून, चवड्यांवर चालायला लागलो. पडली तर झेलता यावं म्हणून हात पुढे पसरलेले. ती कुंपणापाशी पोचली, कुंपणाला बोट लावलं, वळली आणि थांबली. तिचं तोंड थेट माझ्याकडे होतं. पावसाचे बारीक थेंब तिच्या चेहऱ्यावर पडत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"भिजतोयस," ती म्हणाली. "आत जा."

मी आत गेलो.